मिशाळासाठी रीळ

घड्याळजींनी मासेमारीच्या सामानाच्या दुकानाचं दार ढकललं तेव्हा त्यांचे तळहात घामाने ओले झाले होते. त्यांचं स्वतःचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, पण वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत त्यांनी या दुकानाची पायरी चढली नव्हती. गळ, तंगुसाचा नायलॉन दोरा, नदी हा सगळा बायकोचा प्रांत. त्यांना पोहता येत नव्हतं. पाण्याची त्यांना इतकी धास्ती, की आंघोळीची बादलीसुद्धा ते अर्धीच भरतात, असं बायको चारचौघांत सांगायची आणि लोक हसायचे. तेही हसायचे.

बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने चाचपून शीर शोधायची आणि सुई अशी टोचायची, की भोकाड पसरायच्या तयारीने बसलेली पोरं रडायचं विसरून जायची. गल्लीत तिला सगळे सुईवाल्या बाई म्हणत. रविवार मात्र तिचा नदीचा. गेल्या वर्षी तिची काठी आणि तिच्यावरचं तंगूस गुंडाळायचं रीळ दोन्ही नदीत गेली होती. काठी तिने नुकतीच एका ओळखीच्या माणसाकडून घेतली, पण रिळासाठी दुकान उघडं असेपर्यंत कामावरून सुटणं जमेना.

"तुम्हीच आणा ना," ती म्हणाली होती. "चाकं, दाते, स्प्रिंगा... तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त सांगा, नदीतल्या मिशाळासाठी, त्या मिशीवाल्या माशासाठी पाहिजे."

दुकानदाराला गावात 'साडेतीन' म्हणत, कारण त्याच्या उजव्या हाताला अंगठा सोडून साडेतीनच बोटं होती. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"मिशाळासाठी? तुम्हाला?"

"बायकोला."

"अहो, सुईवाल्या बाईंना म्हणा की! बसा, बसा." त्याने काचेच्या कपाटातून तीन रिळं काढून फडक्यावर मांडली. "मिशाळ म्हणजे तळाचा पैलवान. वर येऊन नाचत नाही की उड्या मारत नाही. आमिष तोंडात घेतलं की खाली मान घालून प्रवाहाबरोबर सुटतो, आणि एखादं मूळ नाहीतर कपार दिसली की तिच्यात घुसतो. त्याला आवरायचं ते रिळाच्या ब्रेकने. काठी नुसती वाकते."

पहिलं रीळ समुद्रातल्या मासेमारीचं होतं, दणकट पण जड. "दिवसभर धरून हात भरून येईल," साडेतीन म्हणाला. दुसरं जुन्या पद्धतीचं, नुसतं उघडं चाक. त्याला ब्रेकच नव्हता, अंगठ्याने दाबून आवरायचं. तिसरं मध्यम आकाराचं, पुढच्या बाजूला ब्रेकची गोल टोपी असलेलं. घड्याळजींनी ते हातात घेतलं आणि मूठ हळूच फिरवली. आतले दाते लोण्यातून सुरी जावी तसे फिरले. वस्तू चांगली होती. हाताने ती लगेच ओळखली. मनाला मात्र तिच्यात दुसरंच काही दिसत होतं.

"याने माणूस ओढला जाऊ शकतो का?" त्यांनी विचारलं.

साडेतीन हसला नाही. त्याने तंगुसाचं टोक वजनकाट्याच्या हुकाला बांधलं आणि रीळ मागे खेचलं. काटा चढला, एका जागी थांबला आणि चकरी कुरकुरत फिरू लागली. "बघा. इतका जोर लागला की हे आपणहून सोडतं. झटका नाही, अडकणं नाही. माणूस ओढला जातो तो ब्रेक अडकला तर, आणि हट्टाने काठी सोडली नाही तर."

"याहून हलकं सुटणारं एखादं?"

"हलकं कशाला हवंय?"

"म्हणजे... मासा पळाला तरी चालेल."

साडेतीनने आपला पंजा त्यांच्यासमोर धरला. "घड्याळजी, ब्रेक फार घट्ट असला तर तंगूस तुटतं. मासा जातो, माणूस चार शिव्या हासडून घरी जेवायला जातो. पण ब्रेक ढिला असला आणि मासा धावला, की चकरी भन्नाट सुटते. मासा थांबला तरी ती थांबत नाही. तंगुसाच्या वेटोळ्यांचा नुसता गुंता होतो, आणि आपण मूर्खासारखे तिथे हात घालतो. मग मासा पुन्हा धावतो. माझी बोटं मोजा."

घड्याळजींनी बोटं मोजली नाहीत. त्यांनी तिसरं रीळ घेतलं आणि ते बाहेर पडले. साडेतीनचं बोलणं त्यांच्या कानांवर पडलं होतं, पण घाबरलेल्या माणसाच्या कानांत आधीच दुसरा आवाज भरलेला असतो.

तो आवाज गेल्या वर्षीचा होता. त्या रविवारी बायको डबा घरीच विसरली, म्हणून तो पोचवायला घड्याळजी नदीकडे निघाले होते. बंधाऱ्यावरच्या रस्त्यावरून ती खाली दिसत होती, काठी कमानीसारखी वाकलेली, पाय गुडघाभर पाण्यात. तिचं जुनं रीळ अडकलं होतं, पण तेव्हा त्यांना ते कळलं नाही. त्यांना एवढंच दिसलं, की ती एक पाऊल पुढे गेली, मग आणखी एक, मग शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय निसटला आणि पाणी तिच्यावरून मिटलं.

नदीवर काहीच नव्हतं. सपाट तपकिरी पाणी आणि त्यावरून सरकणारी एक काटकी.

घड्याळजी धावले नाहीत. ओरडलेही नाहीत. डबा हातात धरून ते रस्त्यावर उभे राहिले, आणि सेकंद मोजण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाचं डोकं आपोआप मोजत राहिलं. अकरा सेकंद. अकराव्याला खालच्या अंगाला असलेल्या पंपघराच्या पायऱ्यांपाशी एक हात वर आला, मग डोकं. ती पायऱ्या धरून बाहेर आली आणि वाकून खोकत राहिली.

तेव्हा घड्याळजी मागे वळले. वळसा घालून दुसऱ्या वाटेने, आत्ताच पोचल्यासारखे खाली उतरले. ती नखशिखांत भिजलेली, पण हसत होती. "अहो, उशीर केलात! केवढी गंमत हुकली तुमची!"

"काय झालं?" त्यांनी विचारलं होतं. स्वतःचा तो आवाज त्यांना अजून ऐकू यायचा.

त्या दिवसापासून भीतीने त्यांच्या घरात बिऱ्हाड केलं. दर शुक्रवारी ते पेपरात पाण्याची पातळी बघत. शनिवारी चमचा हातातून पडे. रविवारी दुकान बंद, तरी ते दुकानात जाऊन बसत आणि ती परत येईपर्यंत बिघडलेली नसलेली घड्याळंही उघडून पुसत. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. काठी आणि रीळ गेल्यावर त्यांना वाटलं होतं, सुटलो. पण ती दर रविवारी जातच राहिली, कुणाची काठी घेते हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि आता तिने स्वतःची आणली.

रीळ घेऊन ते आपल्या दुकानी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि ब्रेकची टोपी उघडली. आत नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तीन चकत्या आणि त्यांच्यामध्ये दोन धातूच्या. साधी, सुंदर रचना.

मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं घड्याळ असतं ना, त्याची स्प्रिंग पूर्ण भरली की तुटू नये म्हणून आतल्या आत घसरते. एका मर्यादेपर्यंत घट्ट धरते, त्यापुढे सोडून देते. घड्याळजींनी तशा हजार स्प्रिंगा बसवल्या होत्या. त्यांनी पितळेच्या पातळ पत्र्याची एक चकती कापली, आरशासारखी घासली, तिला तेलाचा एक थेंब लावला आणि नमद्याच्या एका चकतीच्या जागी बसवली. हाताने ओढलं तर ब्रेक पूर्वीसारखाच घट्ट वाटत होता. जोराचा हिसका दिला की मात्र चकरी मोकळी. मिशाळ लागेल, धावेल, सगळं तंगूस घेऊन जाईल, आणि बायको काठावरच राहील. दोनचार रविवार असे गेले की तिचाच उत्साह मावळेल.

त्यांनी टोपी बंद केली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

रविवारी ते तिला म्हणाले, "मीही येतो."

"तुम्ही? नदीवर?" तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही."

ती दोघं पंपघराच्या वरच्या अंगाला बसली. ती काठापाशी, आणि ते दहा पावलं मागे एका घडीच्या स्टुलावर. ढगाळ सकाळ होती. नदी आवाज करत नव्हती, हेच त्यांना वाईट वाटत होतं. खळाळणारं पाणी निदान सांगून येतं. ते स्वतःला समजावत होते, काही होणार नाही, बंदोबस्त केलाय. तरी दर थोड्या वेळाने ते तिच्या टाचा आणि पाणी यांतलं अंतर डोळ्यांनी मोजत होते.

"एकदा ओढून बघितलं हं मी घरी," ती मागे न वळता म्हणाली. "छान आहे ब्रेक. निवड चांगली केलीत."

घड्याळजींनी मनगटावरच्या घड्याळाला उगाच चावी दिली.

दहाच्या सुमारास काठीचं टोक दोनदा थरथरलं आणि मग एकदम पाण्याकडे वाकलं. ती उठली. चकरीचा आवाज आला, आधी कुरकुर, मग चिरकणं, मग एक सपाट सणसणता सूर, जो थांबेचना.

"अरे! हे काय?" ती ओरडली. तिने टोपी आवळली. आवळूनही काही होईना. मासा खालच्या अंगाला धावत होता आणि तंगूस धुरासारखं सुटत होतं. मग मासा एकाएकी थांबला. चकरी थांबली नाही. तंगुसाची वेटोळी रिळावरून उसळली, काठीला, मुठीला, तिच्या मनगटाभोवती पसरली. तिने डाव्या हाताने चकरी दाबून धरली.

"हात काढ!" घड्याळजी किंचाळले. साडेतीनचं बोलणं त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं. "अगं, हात काढ तिथून!"

मिशाळ पुन्हा धावला.

वेटोळी एकदम ताठ झाली. तिच्या तोंडून शब्द आला नाही, नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज. डावा हात पुढे खेचला गेला, काठी तिथेच चिखलात पडली, आणि ती वाकलेल्या स्थितीत एक पाऊल पाण्यात गेली. मग दुसरं. तंगूस तिच्या पहिल्या बोटाभोवती आवळलं होतं आणि दुसऱ्या टोकाला नदीच्या तळाशी काहीतरी जिवंत, न दिसणारं, मागे न बघता चाललं होतं. बोटच आता काठी झालं होतं. सोडून द्यायला काही उरलं नव्हतं.

घड्याळजींचे पाय जमिनीला खिळले. डोकं मोजायला लागलं. एक. दोन.

तिने मागे वळून पाहिलं. त्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, धीर नव्हता. असा चेहरा त्यांनी तिचा कधी पाहिला नव्हता. लहान मुलासारखा, पार उघडा.

"अहो!"

ते कसे निघाले हे त्यांना नंतर कधी सांगता आलं नाही. स्टूल पडलं, घोट्याशी पाणी आलं, मग गुडघ्याशी. थंडीने श्वास अडकला. पायाखालचा दगड हलला आणि ते तिच्या पाठीवरच कोसळले. क्षणभर वाटलं, दोघंही गेलो. ते तिच्या जाकिटाला धरून कसेबसे उभे राहिले. खिशात नेहमीची छोटी कात्री होती, घड्याळाचे पट्टे कापायची. बोटं बधिर झाली होती. पहिल्यांदा त्यांनी हवाच कापली. दुसऱ्यांदा तंगूस तुटलं, इतक्या हलक्या आवाजात, की त्यांना खरंच वाटेना.

काठावर ती बसली आणि हात उराशी धरून म्हणाली, "वर धरायला पाहिजे. रुमाल द्या. घट्ट बांधा, अजून घट्ट." रक्त बघायची तिला सवय होती. घड्याळजींना नव्हती. त्यांनी बांधलं आणि मग बाजूला जाऊन ओकले.

डॉक्टरांनी बोट वाचवलं, पण तंगूस हाडापर्यंत गेलं होतं. तुटलेला मज्जातंतू शिवला. "शेंड्याची जाणीव परत येईल असं मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "काय काम करता तुम्ही?"

"याच बोटाने शीर शोधते," ती म्हणाली. घड्याळजींनी भिंतीकडे पाहिलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "त्या साडेतीनला उद्या जाब विचारते. असलं खराब रीळ विकतात होय माणसाला?"

आता गप्प बसणं अगदी सोपं होतं. दोष दुसऱ्याच्या गळ्यात आपणहून पडत होता. घड्याळजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. तिच्या रागाची, तिने घर सोडून जाण्याची, म्हातारपणी या खोल्यांत एकट्याने राहण्याची अशी सगळी भीती एकदम दाटून आली. नदीपेक्षा हे पाणी खोल होतं.

"त्याचा दोष नाही," ते म्हणाले. "ब्रेक मी बिघडवला."

त्यांनी चकतीचं सांगितलं. मग तोंड उघडलंच आहे तर म्हणून त्यांनी बंधाऱ्याचंही सांगितलं. हातातला डबा, अकरा सेकंद, वळसा घालून येणं.

तिने पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवला.

"तुम्ही तिथे होतात?"

"होतो."

"मी पाण्याखाली होते तेव्हा मला वाटलं, आजूबाजूला कुणीच नाही. आपण अशा मरतोय, की कुणाला पत्ताही नाही." तिचा आवाज चढला नाही. "आणि तुम्ही वर उभे."

"मला हलता येईना."

"कळलं."

त्यानंतर नऊ दिवस ती कामापुरतंच बोलली. चहा ठेवलाय. बिल आलंय. दार लावून घ्या. प्रयोगशाळेत तिला सुईवरून काढून सूक्ष्मदर्शकावर बसवलं. एका संध्याकाळी घड्याळजींनी पाहिलं, ती टेबलापाशी बसून उजव्या हाताच्या बोटाने स्वतःच्याच दंडावर शीर चाचपत होती. पुन्हा पुन्हा. सापडत होती, सुटत होती. त्यांना आत पाऊल टाकवेना.

दहाव्या दिवशी तिने रीळ त्यांच्यापुढे ठेवलं. "उघडा."

त्यांनी टोपी काढली. पितळेची चकती चिमट्याने उचलून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती उजेडात धरली. "काम मात्र सुरेख केलंत," ती म्हणाली, आणि त्यांना कळेना की हा टोमणा आहे की नाही. मग ती खुर्ची ओढून समोर बसली.

"तुमच्या हातून झालं ते मी इतक्यात विसरणार नाही. पण एक मलाही सांगायचंय. त्या दिवशी मी हसले ना बाहेर आल्यावर? ते खोटं होतं. पाय लटलटत होते माझे. हसले नसते, तर तुम्ही मला पुन्हा जाऊ दिलं नसतं. आणि गेले नसते, तर ते पाणी रोज मला उशाशी दिसलं असतं. वर्षभर मी भीतभीतच तिथे जाऊन बसत होते. गळ न लावता."

"गळ न लावता?"

"काठी तरी कुठे होती माझ्याकडे!"

घड्याळजींना हसू आलं आणि त्याच दमात डोळ्यांत पाणीही. वर्षभर ते दुकानात घड्याळं पुसत बसले होते आणि ती रिकाम्या हाताने नदीकाठी. दोघं एकाच गोष्टीला भीत होती, दोन मैलांच्या अंतरावर.

त्यांनी नमद्याची नवी चकती बसवली, ती बघत असताना. वजनकाट्याला तंगूस बांधून पाच वेळा ओढलं. काटा पाचही वेळा एकाच आकड्यावर थांबला.

"मला भीती वाटते," ते म्हणाले. "तू गेलीस की वाटणारच."

"मग असं सांगत जा. रिळात नका घालू."

हात बरा व्हायला अडीच महिने लागले. शेंड्याची जाणीव आली नाही. ती उजव्या बोटाने शीर शोधायला शिकली. पहिल्यासारखं नाही, पण दहांतून आठ वेळा जमतं, असं ती म्हणायची. उरलेल्या दोघांची ती माफी मागायची.

त्यानंतरच्या एका रविवारी ती दोघं नदीवर गेली. दोघांनी अंगात तरंगतं जाकीट घालायचं, ही त्यांची अट, आणि ती तिने मान्य केली. तिचीही एक अट होती. गळ टाकून झाल्यावर तिने काठी त्यांच्या हातात दिली.

"मी? छे, छे!"

"धरा तर खरं. मी मागे आहे."

पाऊण तास काहीच झालं नाही आणि तो पाऊण तास त्यांना फार लांब वाटला. मग काठी दणकन वाकली. पाण्याखाली जे होतं, ते त्यांच्या कल्पनेपेक्षा जड, आणि त्याला कुठलीच घाई नव्हती. ते नुसतं चाललं होतं. ब्रेक सोडत होता, एकसारखा, कुरकुरत, न अडता.

"भीती वाटतेय," ते मोठ्याने म्हणाले.

"माहीत आहे. काठी वर ठेवा. पाय नका हलवू."

तिने त्यांच्या जाकिटाची पाठ मुठीत धरली होती. मासा पंपघरापर्यंत गेला, थांबला, पुन्हा गेला. मग तो खालच्या मुळांत शिरला असावा, कारण एकदम सगळं दगडासारखं घट्ट झालं, आणि टप्पकन तंगूस तुटलं. काठी सरळ झाली.

घड्याळजी होते तिथेच चिखलात बसले. त्यांना तळहात उघडता येईना. तिने एकेक बोट सोडवून काठी काढून घेतली.

"केवढा होता?" त्यांनी विचारलं.

"दिसला कुठे आपल्याला," ती म्हणाली. तिने तंगुसाचं तुटकं टोक बघितलं, पिशवीतून नवा गळ काढला आणि तो दातांत धरून गाठ मारायला बसली. डाव्या बोटाला धागा जाणवत नव्हता, म्हणून वेळ लागत होता. घड्याळजी काही न बोलता पुढे सरकले आणि त्यांनी तंगुसाचं दुसरं टोक धरून ठेवलं.